भाऊ जॅकवेलमध्ये बुडी मारायला चाललाय, कंत्राटदाराला काय काय विचारू?

कर्लीकाठची (मंगळवार, रात्री १०:४०)

नेहमी नुसती वाचते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ तारकर्लीला पर्यटकांना स्कूबा करवतो. सहा वर्षं झाली. पाण्याची भीती त्याला लहानपणापासून माहीत नाही. मेअखेर किनारा बंद होतो आणि पुढचे चार महिने हाताला काम नसतं. परवा त्याला घाटावरच्या एका कंत्राटदाराचा फोन आला. एका गावच्या पाणीपुरवठ्याच्या जॅकवेलमध्ये (नदीचं पाणी पाइपाने आत येतं आणि पंप ते उचलतो, ती विहीर) उतरून जाळी साफ करायची, ते झालं की जवळच्या धरणाच्या गेटचं गळकं रबर बघायचं. दिवसाला पाच हजार. जॅकवेल नऊ मीटर खोल आहे म्हणे. माणसं तीन: कंत्राटदार, भाऊ आणि दोर धरायला एक पोरगा. भावाने विचारलं, हवा कशी देणार? तर म्हणे, "तुझं स्कूबाचं सामान आहे ना, तेच घेऊन ये. स्कूबा शिकल्याचं कार्ड आहे ना, मग झालं."

भाऊ म्हणतो, "मी समुद्रात जातंय, त्या विहिरीत माका काय होवचा नाय."

आई काहीच बोलत नाही. पैशांची गरज आहे, त्यामुळे मीही "जाऊ नको" असं थेट म्हणू शकत नाही. पण तो निघायच्या आधी कंत्राटदाराला चार प्रश्न विचारायचे तर कोणते विचारावेत? पुढच्या बुधवारी काम ठरलंय.

पंपहाउस_दुसरीपाळी (रात्री ११:१५)

ताई, मी पाणीपुरवठ्यात पंप ऑपरेटर आहे, एकोणीस वर्षं झाली. बाकी प्रश्न लोक सांगतीलच, माझा एकच: पंपाची किल्ली कोणाकडे राहणार?

का विचारतोय ते सांगतो. आमच्याकडे एकदा दुपारी जाळी साफ करायला माणूस उतरला होता. पहिल्या पाळीच्या ऑपरेटरला ते माहीत होतं. तीन वाजले, पाळी बदलली, तो घाईत निघून गेला. मी आलो तेव्हा गावातल्या उंच टाकीची पातळी तळाला आणि फोनवर फोन, "पाणी का सोडलं नाही?" मी स्टार्टरकडे निघालो. वाटेत कठड्याशी चपलांचा एक जोड दिसला, शेजारी शेजारी नीट काढून ठेवलेला. पंपहाउसमध्ये कोणी चपला काढत नाही. मी थांबलो, खाली वाकून पाहिलं तर दोर हलत होता.

त्या दिवसापासून माझा नियम: आयसोलेटर, म्हणजे वीज तोडणारा मुख्य खटका, खाली ओढायचा, फ्यूज काढायचे, पॅनेलला कुलूप लावायचं आणि किल्ली व फ्यूज दोन्ही बुडी मारणाऱ्याच्या माणसाच्या हातात द्यायचे. माझ्या खिशात ठेवायचे नाहीत. माझी पाळी बदलते, त्याची बदलत नाही.

आणि आता अनेक ठिकाणी ऑटो बसवलंय. टाकीची पातळी उतरली की पंप आपोआप सुरू होतो, स्टार्टरला हात लावायला कोणी लागतच नाही. म्हणून "आमचा ऑपरेटर तिथंच उभा आहे" हे उत्तर चालवून घेऊ नका.

निळीशाई (रात्री ११:२२)

चपलांचं वाचून अंगावर काटा आला.

जुनीहॅट (बुधवार, सकाळी ६:५०)

वरच्या प्रतिसादाला शंभर टक्के अनुमोदन, पण त्यात एक भर घातलीच पाहिजे. पंप बंद म्हणजे धोका बंद, असं नाही.

मी बॉम्बे हायवर, म्हणजे मुंबईसमोरच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात, आधी डायव्हर आणि नंतर सुपरव्हायजर होतो. आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त भीती वाटते ती दाबाच्या फरकाची. शार्क वगैरे सिनेमात. भिंतीच्या एका बाजूला पाणी उंच, दुसऱ्या बाजूला कमी आणि मध्ये भोक, एवढं पुरतं. हिशेब सोपा आहे. दहा मीटर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. समजा नदीची पातळी विहिरीतल्या पातळीपेक्षा सहा मीटर वर आहे आणि मधल्या पाइपाचं तोंड तीस सेंटिमीटर व्यासाचं आहे. तोंडाचं क्षेत्रफळ सातशे चौरस सेंटिमीटर. माणसाच्या पोटाने ते तोंड बंद झालं तर त्याला तिथं दाबून धरणारं वजन चारशे किलोच्या वर जातं. वरून चार माणसांनी दोर ओढला तरी तो सुटत नाही. ओढून ओढून माणूसच दुखावतो. दोन्हीकडची पातळी एक होईपर्यंत काही करता येत नाही आणि तोवर त्याची हवा संपलेली असते.

यातलं वाईट म्हणजे आधी काही कळत नाही. गढूळ पाण्यात दिसत नाही, एक मीटर दूर असेपर्यंत ओढ जाणवत नाही, आणि जाणवते तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून जॅकवेलसाठी दुसरा प्रश्न: आतली आणि बाहेरची पातळी कोण मोजणार, आणि एक झाली हे कशावरून? दोन्हीकडे फूटपट्टी किंवा वजन लावलेला टेप सोडून मोजा. पंप तासभर आधी बंद करा, पाणी समान होऊ दे, मग माणूस उतरवा.

धरणाच्या गेटचं काम तर त्याने घेऊच नये. गळकं रबर म्हणजे दाबाच्या फरकाची बोट घालायला ठेवलेली फट. बारा मीटर खोलीवर दोन सेंटिमीटर रुंद आणि अर्धा मीटर लांब फट असली तरी एकशेवीस किलोची ओढ. जाणते लोक काठीला फडकं बांधून लांबूनच ते कुठे खेचलं जातंय ते बघतात. हाताने चाचपत नाहीत. मुळात वरच्या बाजूला दुसरं गेट टाकून मधलं पाणी शांत केल्याशिवाय माणूस उतरवायचा नसतो.

कर्लीकाठची (सकाळी ७:३०)

काका, भावाला तुमचं वाचून दाखवलं. चारशे किलोचा आकडा ऐकून पहिल्यांदाच गप्प बसला. पण त्याचं म्हणणं, स्कूबाचं सामान असेल तर काय बिघडतं? हवा तर हवाच.

जुनीहॅट (सकाळी ८:०५)

बिघडतं ते असं. स्कूबाची टाकी पाठीवर, हवा मोजकी. वर बसलेल्याला तो किती खोल आहे, हवा किती उरली, श्वास कसा चाललाय, काही कळत नाही. बोलता येत नाही. अडकला तर त्याच्याकडे टाकीत उरलेली तेवढी मिनिटं.

कामाच्या बुडीत हवा वरून नळीने येते. त्या नळीला आम्ही अंबिलिकल म्हणतो: एका जुडग्यात हवेची नळी, बोलण्याची तार, खोली मोजायची बारीक नळी आणि ओढ सहन करणारा दोर. डोक्यावर हॅट, म्हणजे हेल्मेट. पाठीवर छोटी टाकी असते ती फक्त अडचणीसाठी, तिला बेलआउट म्हणतात. वर हवेच्या पॅनेलवर बसलेला माणूस प्रत्येक श्वास ऐकत असतो. श्वास जलद झाला की मी विचारायचो, "काय झालं? थांब. दम घे." माझ्या अख्ख्या नोकरीतलं खरं काम एवढंच, कोणाचा तरी श्वास ऐकत बसणं. रिटायर होऊन सात वर्षं झाली, तरी रात्री बायकोच्या श्वासाची लय बदलली की जाग येते.

टेंडरवाला (सकाळी ९:४०)

काका, एक गंमत. पाण्यावर दोर धरणाऱ्यालाही टेंडर म्हणतात आणि मी ऑफिसात जे भरून घेतो त्यालाही टेंडर म्हणतात. पहिल्या टेंडरचा जीव दुसऱ्या टेंडरमध्ये अडकलेला असतो.

मी पाणीपुरवठ्याच्या कामांची अंदाजपत्रकं करतो. "पाणबुड्यामार्फत जाळी साफ करणे, नग एक" एवढी एक ओळ असते. त्या एका नगात माणसं किती, हवा कशी, राखीव पाणबुड्या आहे का, काहीच लिहिलेलं नसतं. मग सगळ्यात कमी दर भरणारा काम घेतो आणि तो दर कमी होतो तो माणसं कमी करूनच. मी दोन वर्षांपासून सुरक्षेची स्वतंत्र बाब लावतो: पाच माणसांची टोळी, नळीने हवा, बोलण्याची सोय. ही नसेल तर बिल निघणार नाही. पहिल्या वेळी वरून विचारणा झाली की खर्च का वाढला. मी जॅकवेलचं चित्र काढून घेऊन गेलो. साहेबांनी चित्र पाहिलं आणि सही केली. म्हणजे सांगितलं की कळतं. सांगणारा कोणी नसतो.

घाटमाथा_डायव्हर (सकाळी १०:३०)

मी वेगळं लिहिणार आहे, राग मानू नका. मी बावीस वर्षं जॅकवेल, विहिरी, केटी बंधाऱ्याच्या फळ्या, सगळं केलं. निम्मं काम स्कूबावर, काही तर नुसत्या दमावर. मला काही झालं नाही. तुम्ही म्हणता तशी पाच माणसं, हॅट, पॅनेल आणायची तर गावची ग्रामपंचायत ते पैसे देणार कुठून? मग काम मुंबईच्या मोठ्या कंपन्यांकडे जाईल आणि आमच्यासारखे घरी बसतील. पाणी ओळखता आलं पाहिजे, ते यंत्राने येत नाही.

दर्यावर्दी (सकाळी ११:१०)

@घाटमाथा_डायव्हर, दादा, तुमच्या बावीस वर्षांबद्दल आदर आहे. मी नौदलात डायव्हर होतो, पाणी ओळखण्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. मुंबई बंदरात डोळ्यासमोर धरलेला स्वतःचा हात दिसत नाही, सगळं बोटांनी वाचावं लागतं. २०१३ साली सिंधुरक्षक पाणबुडी नौदल गोदीत बुडाली आणि १८ जण गेले, तेव्हा आमच्या लोकांनी तसल्याच पाण्यात, वाकलेल्या पोलादात हाताने चाचपत शोध घेतला होता.

पण पाणी कितीही ओळखलं तरी पंपाचं बटण पाण्यात नसतं. ते वर असतं, दुसऱ्याच्या हाताशी. तुमचं कौशल्य तिथं पोचतच नाही.

माणसं पाच का, तेही सांगतो, कारण लोकांना ते फुकटचं वाटतं. एक पाण्यात. एक त्याची नळी धरून. एक राखीव, अंगावर सगळं चढवून, फक्त हॅट घालायची बाकी. एक त्याची नळी धरायला. एक पॅनेलवर. यातला कुठलाही कमी केला की तो नेमका लागतो तेव्हा नसतो. तीन जणांच्या टोळीत हा मुलगा खाली अडकला तर त्याच्यासाठी उतरणार कोण? कंत्राटदार?

घाटमाथा_डायव्हर (सकाळी ११:५०)

राखीव माणसाचा मुद्दा मान्य. माझ्याबरोबर कायम माझा मेहुणा असायचा. तो नसता तर मी काम घेतलं नसतं, हे लिहायचं राहिलं.

खाडीपाड (दुपारी १२:३५)

थोडं बाजूला जातंय, पण इथंच लिहावंसं वाटतं.

माझे बाबा वैतरणा खाडीत रेती काढायचे, हातपाटी-डुबी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: होडी नांगरायची, एक लांब वासा तळात रोवायचा, त्याला धरून बादली घेऊन खाली जायचं, दमावर रेती भरायची, वर यायचं. दिवसभर. भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी थांबतं तेवढ्या वेळात जास्तीत जास्त बादल्या. उधाणाला ओढ असते म्हणून भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस बरे.

नळी नाही, टाकी नाही, चष्मा नाही. बाबांचा डावा कान चाळिशीच्या आधीच गेला. उजव्यातून पू यायचा, तरी कापूस घालून उतरायचे. आमच्याकडे जेवताना सगळे त्यांच्या उजव्या बाजूला बसायचो, कोणी सांगितलेलं नसताना. ते गेले तेव्हा कुठल्याच कागदावर ते "डायव्हर" नव्हते. मजूर होते.

इथं हॅट आणि पॅनेलबद्दल वाचून खूप काही वाटलं. हे सगळं माहीत असलेली माणसं आमच्यापासून शंभर मैलांवर काम करत होती.

जुनीहॅट (दुपारी १२:५५)

तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. आम्ही हेलिकॉप्टरने तुमच्याच समुद्रावरून जायचो.

प्राणवायू (दुपारी २:२०)

मी डॉक्टर आहे, उच्च दाबाच्या ऑक्सिजन चेंबरवर काम करते. खाडीपाड, बाबांच्या कानाचं जे झालं ते टळण्यासारखं होतं, म्हणून जास्त वाईट वाटतं. सर्दी असताना किंवा कान वाहत असताना बुडी नाही, हा नियम साधा आहे, पण रोजंदारीवरच्या माणसाला तो परवडत नाही. म्हणून आजारी दिवसाचे पैसे मिळतात का, हाही सुरक्षेचाच प्रश्न आहे.

आता बेंड, म्हणजे घाईने वर आल्यावर होणारा डायव्हरचा आजार. खोल पाण्यात नायट्रोजन रक्तात, चरबीत, सांध्यांत विरघळतो. हळू वर आलं तर तो फुप्फुसातून निघून जातो. घाईने आलं तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होतात. नऊ मीटरवर याची भीती कमी, पण धरणात वीस-पंचवीस मीटरवर दिवसातून तीन-तीन वेळा उतरायला लावलं तर पुष्कळ. लक्षण बहुतेकदा खांद्याच्या किंवा कोपराच्या दुखण्यापासून सुरू होतं. आणि प्रत्येक जण एकच सांगतो: "जड उचललं असेल, मालिश केली की जाईल." एक तरुण माझ्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. रात्रभर बाम चोळला होता. सकाळी लघवी होईना, तेव्हा घरचे घाबरले. पाठीच्या कण्याला बाधा झाली होती. सात वेळा चेंबरमध्ये घेतलं. आता चालतो, पण काठीने.

बुडीनंतर चोवीस तासांत सांधा दुखला, मुंग्या आल्या, चक्कर आली, अंगावर चट्टे उठले तर ते बेंड समजायचं. आडवं झोपवायचं, शुद्ध ऑक्सिजन मास्कने द्यायचा, पाणी पाजायचं आणि चेंबर गाठायचं. परत पाण्यात उतरवून "बरं" करायला जायचं नाही. ठरलेल्या उपचारात १८ मीटरच्या दाबाला ऑक्सिजन देतात आणि एक फेरी पावणेपाच तासांची असते. म्हणून प्रश्न: सर्वात जवळचा चालू चेंबर कुठे, आणि तिथवर न्यायची गाडी जागेवर उभी असेल का? मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात ही सोय आहे, पण घाटमाथ्यावरच्या धरणापासून ते अंतर मोजून बघा.

आणि ताई, तुमच्या भागातलं एक खास: मालवणला बुडी मारून लगेच आंबोली घाटाने वर जायचं नाही. आंबोली सातशे मीटरच्या आसपास आहे. हवेचा दाब कमी झाला की उरलेला नायट्रोजन बुडबुडे करतो. विमानाचं लोकांना ठाऊक असतं, घाटाचं नसतं. धरणच उंचावर असेल तर बुडीचे तक्तेही (किती खोलीवर किती वेळ राहायचं ते) तिथल्या उंचीप्रमाणे बदलून वापरावे लागतात. समुद्रसपाटीचा तक्ता तीनशे मीटरच्या वर जसाच्या तसा चालत नाही.

कर्लीकाठची (दुपारी ३:००)

बापरे. भाऊ मंगळवारी दुपारपर्यंत पर्यटकांना घेऊन पाण्यात असणार आणि संध्याकाळी बाइकवरून आंबोलीमार्गे निघणार, असंच ठरलं होतं. हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

बर्गनकर (संध्याकाळी ५:१०)

नॉर्वेतून. इथं हा धंदा किती माणसं गेल्यावर शहाणा झाला ते सांगतो. ५ नोव्हेंबर १९८३, उत्तर समुद्रातलं फ्रिग क्षेत्र, बायफर्ड डॉल्फिन नावाचा तेलविहिरींचा रिग. चार डायव्हर नऊ वातावरणांच्या दाबाखालच्या चेंबरमध्ये होते. आतलं दार पूर्ण लागण्याआधी बेल (डायव्हरना तळाशी नेणारी बंद कुपी) आणि चेंबर जोडणारा क्लॅम्प उघडला गेला. क्षणाच्याही आत दाब नऊवरून एकवर आला. चौघे डायव्हर आणि बाहेरचा एक टेंडर जागीच गेले, दुसरा टेंडर गंभीर जखमी. दाब असताना क्लॅम्प उघडूच नये अशी अडवणूक त्या यंत्रात बसवलेली नव्हती. माणसाने चुकायचं नाही, एवढ्यावरच सगळं उभं होतं. कुटुंबांना सरकारकडून भरपाई मिळायला २००९ उजाडलं.

पंपहाउसदादांचं कुलूप म्हणजे तीच अडवणूक, पन्नास रुपयांत.

आणि हे जुनं झालं असं कोणाला वाटत असेल तर त्रिनिदाद बघा. २५ फेब्रुवारी २०२२. पारिया नावाच्या सरकारी इंधन कंपनीच्या धक्क्यावर पाच डायव्हर तीस इंची पाइपलाइनची दुरुस्ती करत होते. दाबाच्या फरकाने पाचही जण पाइपात ओढले गेले. एक जण साधारण तीन तासांनी स्वतः सरपटत तोंडापर्यंत आला. बाकीचे आत जिवंत आहेत असं त्याने सांगितलं. वर सोबती उतरायला तयार होते, त्यांना उतरू दिलं गेलं नाही. चौघे गेले. पुढे चौकशी आयोग बसला. सोडवायचं कसं हे उतरण्याआधी ठरलेलं नसेल तर नंतर ठरत नाही, हे त्यातून मला कळलं.

निळीशाई (संध्याकाळी ५:२५)

तीन तास अंधारात, तेल भरलेल्या पाइपात. पुढे वाचवत नाही.

गोदीतला_मामा (संध्याकाळी ६:४०)

बंदरातल्यांसाठीही लिहितो. जहाजाच्या पंख्यात जाळं अडकलं की डायव्हरला बोलावतात. त्या आधी मुख्य इंजिन, बाजूचे थ्रस्टर (जहाज आडवं सरकवणारे पंखे) आणि समुद्राचं पाणी आत खेचणाऱ्या तोंडांचे पंप, या तिन्हींना कुलूप, इंजिनरूममध्ये पाटी आणि चीफ इंजिनिअरची सही. निळा-पांढरा झेंडा वर. सही घेतल्याशिवाय माझा माणूस शिडीवर पाय ठेवत नाही, मग कॅप्टन कितीही ओरडो.

आणि कंप्रेसर. हे कोणी अजून लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटतं. पंक्चरवाल्याकडचा टायर भरायचा कंप्रेसर आणून त्यावर माणूस उतरवलेला मी पाहिलाय. त्यातून तेलाची वाफ येते. डिझेल इंजिनाचा धूर वाऱ्याने हवा खेचायच्या तोंडाकडे वळला की कार्बन मोनॉक्साइड थेट माणसाच्या छातीत. त्याला वास नसतो. वरच्यांना नळी हलताना दिसते, म्हणजे सगळं ठीक असं वाटतं. श्वास घ्यायची हवा देणारा वेगळा कंप्रेसर, हवेची तपासणी केल्याचा कागद आणि हवा खेचायचं तोंड धुरापासून लांब, वारा येतो त्या बाजूला. वारा फिरला की तोंडही फिरवायचं.

सोनचाफा (संध्याकाळी ७:१५)

जुनीहॅट काका, ते महिनाभर चेंबरमध्ये राहतात म्हणतात ते खरं का? अवांतर आहे, पण उत्सुकता.

जुनीहॅट (रात्री ८:००)

खरं. त्याला सॅट, म्हणजे सॅच्युरेशन डायव्हिंग म्हणतो. बॉम्बे हायला पाणी साधारण पंचाहत्तर मीटर. तिथं रोज खाली-वर करायचं म्हटलं तर दिवस दाब उतरवण्यातच जाईल. म्हणून जहाजावरच्या चेंबरमध्ये तळाइतक्या दाबाखाली राहायचं, कामाला बेलमधून जायचं आणि शेवटी एकदाच दाब उतरवायचा. जास्तीत जास्त अठ्ठावीस दिवस. उतरवायला तीस मीटरला साधारण एक दिवस आणि वर एक, म्हणजे आमच्याकडे साडेतीन दिवस. माझे वडील गेले तेव्हा मी आत होतो. जहाज मुंबईपासून दीडशे-एकशेसाठ किलोमीटर, दार तीन इंचांवर, आणि बाहेर यायला साडेतीन दिवस. अंत्यसंस्कार धाकट्या भावाने केले.

आत श्वासाला हेलियम मिसळलेली हवा असते, त्या हेलियमने आवाज बदकासारखा होतो. लग्नानंतर पहिल्यांदा आतून घरी फोन केला तेव्हा बायको म्हणाली, "आधी त्या बदकाला बाजूला करा आणि यांना फोन द्या." अजून चिडवते.

तिथले नियम मात्र कडक. बेलमध्ये बसलेल्याची नळी कामावरच्यापेक्षा दोन मीटर लांब, म्हणजे तो जिथं अडकेल तिथवर हा पोचलाच पाहिजे. आणि कामावरच्याची नळी थ्रस्टरच्या पाच मीटर अलीकडेच संपली पाहिजे, म्हणजे चुकूनही तो तिथं जाऊच शकत नाही. जॅकवेललाही हेच करता येतं. नळी किंवा दोर इतकाच सोडा की पाइपाच्या तोंडापर्यंत पोचणार नाही.

टेंडरवाला (रात्री ८:४५)

कायद्याचं थोडक्यात, कारण ताईंना ते लागेल. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ चा, नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. जुन्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात दाबाखालच्या हवेत काम केल्याने होणारे आजार होते, म्हणजे बेंड हा धंद्यातून झालेला आजार धरला जात होता. आणि कंत्राटदाराने हात वर केले तरी ज्याचं काम चाललंय त्या मूळ मालकाकडे भरपाई मागायची तरतूद त्याच्या कलम १२ मध्ये होती; आता नव्या संहितेत बघा. पण त्यासाठी भाऊ कामावर होता हे दाखवावं लागेल. नेमणुकीचं पत्र, विम्याचा कागद, निदान तारीख आणि दर लिहिलेला मेसेज, काहीतरी लेखी घ्या. "तोंडी ठरलंय" म्हणजे काहीच ठरलेलं नाही.

घाटमाथा_डायव्हर (रात्री ९:३०)

ताई, कंत्राटदाराने भावाला एकट्याला उतरायला सांगितलं तर मला कळवा. मी आणि मेहुणा येतो, एक दिवसाचं काम आहे. पैशाचं नंतर बघू.

कर्लीकाठची (रविवार, दुपारी ४:१०)

चार दिवस लिहायला जमलं नाही. काय झालं ते सांगते.

तुमच्या सगळ्यांच्या प्रतिसादातून नऊ प्रश्न काढले, वहीच्या पानावर लिहिले आणि भावाने स्पीकरवर फोन लावला. पंपाच्या किल्लीचं विचारलं तर कंत्राटदार म्हणाला, "ऑपरेटर आपलाच माणूस आहे, फोनवर सांगितलं की बंद करतो." पातळी कोण मोजणार, तर म्हणे, "डोळ्याने दिसते ना." राखीव माणूस: "एवढ्याशा कामाला?" घाटमाथादादा आणि त्यांचे मेहुणे यायला तयार आहेत असं भावाने सांगितलं, तर "तीन पाणबुड्यांचं बजेट नाही." विम्याचं विचारल्यावर फोन कट.

भाऊ बराच वेळ ओट्यावर बसून होता. मग आत येऊन आईला म्हणाला, "मी जातंय नाय." आईने काही न बोलता त्याच्यासमोर पेज वाढली.

टेंडरवाला दादांनी पाणीपुरवठा ऑफिसात कोणाला अर्ज द्यायचा ते सांगितलं होतं, तो अर्ज शुक्रवारी पोस्टाने गेला. जुनीहॅट काकांनी एका प्रशिक्षण संस्थेत भावासाठी चौकशी केली आहे. फी मोठी आहे, बघू.

पण आज सकाळी कळलं की कंत्राटदाराला दुसरा मुलगा मिळालाय. वेंगुर्ल्याचा, बावीस वर्षांचा, हाही स्कूबावालाच. भाऊ त्याला तोंडओळखीने ओळखतो. फोन लागत नाहीये. भाऊ आत्ता बाइक काढतोय, त्याच्या घरी जायला. वहीचं ते पान घेऊन चाललाय.

पंपहाउस_दुसरीपाळी (दुपारी ४:१८)

ताई, भावाला सांगा, नऊ प्रश्न ऐकायला तो थांबला नाही तर पहिला किल्लीचा विचार म्हणावं. आणि त्या गावाचं नाव मला खासगीत पाठवा. तिथल्या पंपहाउसवर आमच्या ओळखीचं कोणीतरी निघेल, मी आत्ता फोन करतो.